आंब्याच्या पट्टीत गड्याचा वाटा

मुंबईच्या इतिहासावर लिहिणारे लेखक किल्ला, गोद्या, गिरण्या आणि सभागृहे यांचे वर्णन विस्ताराने करितात. फळझाडांना त्या इतिहासात फारशी जागा मिळत नाही. वास्तविक हे शहर बागाइतीच्या कुशीत वाढले. गिरगावातील व आसपासच्या वाड्यांची नावेच पाहावीत : फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, जांभूळवाडी. मुगभाट, बोरभाट या नावांतील ‘भाट’ हा शब्दही कोकणातील मनुष्यास परका नाही; भाट म्हणजे झाडामाडांची जमीन. आज त्या जागी चाळी व इमारती उभ्या आहेत, आणि फळ दृष्टीस पडते ते हातगाडीवर किंवा पेटीत.

सोळाव्या शतकाच्या मध्यास गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याकडे मुंबई बेट खंडाने होते. इ. स. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने या बेटावरील आपल्या एका आंब्याच्या झाडाचा कौतुकाने उल्लेख केला आहे. ते झाड वर्षातून दोन वेळा फळ देई, असे तो सांगतो. झाडाची नोंद आहे, धन्याची नोंद आहे. त्या झाडाला आळे कोणी केले, पाणी कोणी घातले, पाखरांपासून राखण कोणी केली आणि त्याच्या स्वतःच्या घरी किती फळे गेली, याची नोंद नाही. पुढील काळातील फळव्यापाराची हकीकत बव्हंशी या एका उदाहरणात सामावली आहे.

फळाच्या व्यापारात जो नफा होतो, त्यात बागेत राबणाऱ्या गड्याचा व त्याच्या वाडीचा काही वाटा आहे की नाही, हा प्रश्न आम्ही या लेखात ज्ञातिबांधवांपुढे मांडू इच्छितो. आपली ज्ञाती या व्यवहाराच्या सर्व बाजूंना उभी आहे. आपल्यात बागाईतदार आहेत, अडतीच्या गाळ्यावर बसणारे व्यापारी आहेत, परळ-लालबागच्या गिरण्यांत आयुष्य घालविलेल्यांची मुलेनातवंडे आहेत, आणि ज्यांच्या आजोबांनी दुसऱ्याच्या बागेत पाण्याच्या कावडी वाहिल्या अशी घराणीही आहेत. तेव्हा हा प्रश्न परक्याचा म्हणून बाजूस सारता येण्यासारखा नाही.

प्रथम कोकणातील जुनी व्यवस्था ध्यानात घेतली पाहिजे. रत्नागिरी व कुलाबा जिल्ह्यांत खोत हा सरकार आणि कूळ यांच्यामधला वसुलीचा धनी होता. कोठे पिकाचा अर्धा भाग, कोठे तिसरा भाग असा त्याचा हिस्सा चाले. त्याखेरीज कुळास त्याच्याकडे वेठीने राबावे लागे ते निराळेच. खाचरातील भात मोजून तरी वाटले जाई. वरकस जमिनीवरील आंबा, फणस व काजू यांचा प्रश्न मात्र नेहमी संदिग्ध राहिला. जमीन एकाची, कलम लावणारा दुसरा, राखणारा तिसरा. आणि झाड तर एका पिढीने लावावे व तीन पिढ्यांनी खावे असे. भाताचे पीक कापले की त्या वर्षापुरता हिशेब संपतो. आंब्याच्या झाडात घातलेले श्रम मात्र पन्नास-साठ वर्षे फळत राहतात. म्हणून ‘ज्याने झाड वाढविले त्याचे काय?’ हा सवाल बागाइतीत जितका तीव्र होतो तितका इतर शेतीत होत नाही.

हा आंबा मुंबईस येई तो प्रथम गलबतांतून व पुढे आगबोटींतून. कोकणच्या किनाऱ्यावरील बंदरांतून आलेल्या पेट्या धक्क्यावर उतरत आणि हमालांच्या डोक्यावरून व हातगाड्यांवरून क्रॉफर्ड मार्केटात जात. ही मंडई १८६९ साली बांधून पूर्ण झाली. तिच्या दर्शनी भागावर जॉन लॉकवुड किपलिंग याने येथील शेतकऱ्यांची शिल्पे कोरली आहेत, आणि पुढे तिला नाव मिळाले ते ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्या महात्मा जोतीराव फुल्यांचे. दारावर शेतकऱ्याची मूर्ती आणि नावात शेतकऱ्याचा कैवारी, असा योग दुसऱ्या बाजारास क्वचितच लाभला असेल. परंतु आत भाव ठरे तो रुमालाखाली! दलाल व गिऱ्हाईक हातावर रुमाल टाकून बोटांच्या खुणांनी सौदा करीत. ज्याचा माल, त्याला तो दिसत नसे. त्याच्याकडे गावी जाई ती ‘पट्टी’.

ही पट्टी म्हणजे विक्रीचा हिशेब. किती पेट्या आल्या, काय भाव पडला, आणि त्यातून काय काय वजा झाले ते तीत लिहिलेले असते. वाहतुकीचे भाडे वजा होते, हमाली वजा होते, रिवाजाप्रमाणे अडत वजा होई, हंगामापूर्वी दिलेली उचल वजा होते. उरेल ते बागाईतदाराचे. पुष्कळ वेळा उरते थोडेच. कारण ज्याची उचल घेतली त्याच्याच गाळ्यावर माल पाठवावा लागतो आणि त्याने लावलेला भाव मान्य करावा लागतो. बागाईतदाराची ही अडचण खरी आहे आणि तिच्यावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ज्या गड्याच्या हातून ते फळ उतरले त्याचे नाव या कागदावर कोठेच नसते, ही गोष्ट फारशी कोणी लक्षात घेत नाही. त्याची मजुरी बागाईतदाराच्या खर्चात बुडून जाते. पेटी शंभर रुपयांस गेली काय अन् हजारास गेली काय, त्याला त्याची वार्ताही नसते.

त्याचे काम मात्र हलके नाही. पावसाळ्यात झाडाच्या बुंध्याभोवती चर खणून खत घालावे. पावसाळा संपला की बेणणी करावी. मोहोर आला की फवारणीचे पंप चालवावेत. फळ धरले की रात्रंदिवस वानरे व चोर यांपासून राखण करावी. काढणीच्या वेळी उंच फांदीवर चढून, झेला लावून, देठासकट आंबा उतरावा. देठ तुटला तर चीक सालीवर ओघळून फळास डाग पडतो व भाव उतरतो. मग स्त्रिया फळ निवडतात आणि ते पेंढ्यात बसवून पेटी भरतात. हापूसला जो भाव येतो तो या हातांच्या सफाईचाही भाव असतो. २०१८ साली हापूस या नावास भौगोलिक मानांकन लाभले आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांच्या आंब्यास कायद्याचे संरक्षण मिळाले. मातीचा मान झाला. त्या मातीत राबणाऱ्याचा व्हावयाचा आहे.

आता वाट्याच्या हक्काचा इतिहास पाहू. त्याचा पहिला अध्याय अलिबागेजवळच्या चरी गावी घडला. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली तेथे शेतकऱ्यांनी संप पुकारला. आसपासच्या पंचवीस गावांतील कुळांनी जमीन कसण्याचे नाकारले आणि तो संप १९३९ पर्यंत चालला. घरात दाणा नसता इतकी वर्षे निर्धार टिकविणे ही सामान्य गोष्ट नव्हे. दुसरा अध्याय मुंबईतच घडला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. कोकणच्या कुळांनी मुंबईच्या रस्त्यावर येऊन आपला हक्क मागितला, असे ते दृश्य होते. खोती नाहीशी करणारा कायदा शेवटी १९४९ साली झाला.

त्याच्या आदल्या वर्षी, १९४८ मध्ये, मुंबई राज्याचा कूळ कायदा झाला होता. त्यातील झाडांविषयीची कलमे आपल्या विषयास फार जवळची आहेत. कुळाने स्वतः लावलेल्या झाडांचे उत्पन्न कुळवहिवाट असेतोवर कुळाचे, असे कायद्याने ठरविले. जमिनीवर आपोआप उगवलेल्या झाडांच्या उत्पन्नाचे दोन तृतीयांश कुळाचे व एक तृतीयांश जमीनमालकाचे, अशी वाटणीही त्याने आखून दिली. फळाच्या वाटणीचा आकडा येथे कायद्याच्या पुस्तकात उमटला. पुढे १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरून कसणारी कुळे जमिनीची मालक झाली. आपल्यातील कित्येक घराणी त्या दिवसापासून जमीनदार म्हणवू लागली, हे आपण विसरू नये.

परंतु या कायद्यांना एक मर्यादा होती. त्यांनी ‘कूळ’ ओळखले, ‘गडी’ ओळखला नाही. ज्याच्या नावे कसवणूक होती त्यास हक्क मिळाला. ज्याच्या नावे काहीच नव्हते, जो रोजाने किंवा सालाने राबत होता, तो जसाच्या तसा राहिला. कुळवाडीतील, बौद्धवाडीतील, धनगरवाड्यातील आणि कातकरी वस्तीतील कितीतरी माणसे या दुसऱ्या वर्गात होती. किंबहुना, कूळ नको म्हणून मजूर लावून बाग करण्याकडे पुष्कळांचा कल झाला. कालचे कूळ आज धनी झाले आणि कालच्या कुळाची गाऱ्हाणी आज त्याच्या गड्याच्या तोंडी आली.

येथे आपल्या परळ-लालबागचा इतिहास मदतीस येतो. गिरणगावातील पुष्कळ कामगार कोकणचे. एकाच घरातला एक भाऊ गिरणीत साच्यावर उभा राही आणि दुसरा गावी दुसऱ्याच्या बागेत राबे. गिरणीतील भावाने नफ्यातील वाट्यासाठी फार मोठी लढाई केली. १९२४ च्या जानेवारीत बोनस नाकारला गेला म्हणून मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या. सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्या वेळी निर्णय दिला की, बोनसवर कामगारांचा कायद्याने वा रूढीने कोणताही हक्क पोहोचत नाही. संप मोडला. परंतु मागणी मेली नाही. १९५० साली श्रम अपील न्यायाधिकरणाने मुंबईचा गिरणीमालक संघ व राष्ट्रीय मिल मजदूर संघ यांच्या तंट्यात वाटणीचे सूत्रच घालून दिले. नफ्यातून घसारा काढावा, यंत्रांच्या पुनर्बांधणीची तरतूद काढावी, कर काढावा, भरणा झालेल्या भांडवलावर सहा टक्के आणि खेळत्या भांडवलावर काही परतावा काढावा. एवढे करून जे उरेल त्यात कामगारांचा वाटा आहे. १९६५ साली बोनसचा कायदा झाला. सव्वीस वर्षांत ‘हक्क नाही’ येथून ‘हक्काचे गणित’ येथपर्यंत गिरणगाव पोहोचले आणि सर्व देशास त्याचा लाभ झाला. गावच्या भावाच्या बागेत मात्र ते सूत्र कधी पोहोचले नाही.

तिसरे उदाहरण खुद्द बाजारातले आहे. ज्या माथाडी हमालांच्या डोक्यावरून पेट्या गेल्या, तेही एके काळी असेच बेवारस होते. आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्याच्याकडे. आजारपण आले तर उपास, म्हातारपण आले तर गावची वाट. अण्णासाहेब पाटील यांनी त्यांस संघटित केले आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कामगारांचा कायदा झाला. त्यातील युक्ती साधी पण मर्मग्राही आहे. एका हमालाचा मालक एक नाही, म्हणून सर्व मालकांचे मिळून एक मंडळ. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठराविक लेव्ही मंडळात भरावी. मंडळाने त्यातून मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा व औषधपाणी यांची व्यवस्था करावी. जो लाभ एकेका व्यापाऱ्याच्या मर्जीवर होता तो कागदावरील रकान्यात आला. १९९६ साली फळांचा घाऊक बाजार मुंबई सोडून नव्या मुंबईत वाशीजवळ तुर्भ्यास गेला, पण तो रकाना बाजाराबरोबर गेला. पट्टीवर हमालीची ओळ आहे म्हणून हमालाच्या मुलास दवाखाना आहे.

कूळ, गिरणी कामगार आणि माथाडी या तिघांच्या हकीकतीतून एकच बोध निघतो. धन्याच्या दयेने वाटा मिळाला तो दया संपताच संपला. कागदावर ओळ म्हणून लिहिला गेला तोच टिकला. सणासुदीस गड्यास पायली तांदूळ, लुगडे किंवा पाच आंबे देणारे बागाईतदार पूर्वी होते व आजही आहेत. त्यांच्या चांगुलपणाविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु आंबे देणे हा प्रेमाचा व्यवहार झाला, वाट्याचा नव्हे.

आजच्या स्थितीत या गोष्टीची निकड अधिक आहे. १९९० साली महाराष्ट्र शासनाने रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग लागवडीची योजना सुरू केली. खड्डे खणण्याची मजुरी व कलमांचा खर्च सार्वजनिक पैशातून झाला आणि कोकणच्या कातळावर नव्या बागा उभ्या राहिल्या. झाडे खाजगी मालकीची, परंतु ती उभी करण्यात मजुराचे हात व लोकांचा पैसा होता. पुढे गावची तरुण पिढी मुंबई-पुण्यास गेली, बागेत माणूस मिळेनासा झाला आणि नेपाळातून आलेले गडी राखणीस राहू लागले. हंगामात बागेतच झोपडी घालून राहणाऱ्या या कुटुंबांच्या मुलांच्या शाळेचे काय होते, फवारणीने डोळे सुजले तर त्यांना कोणाच्या गाडीतून दवाखान्यात नेले जाते, हे प्रश्न कोणत्याही पट्टीत येत नाहीत. बोनसचा कायदा सामान्यतः वीस वा अधिक कामगारांच्या आस्थापनांस लागतो. चार गड्यांची बाग त्याच्या दाराबाहेरच राहते.

परदेशांत या दिशेने काय झाले तेही थोडक्यात सांगतो. ‘फेअरट्रेड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यवस्थेत केळ्यांच्या १८.१४ किलोंच्या दर खोक्यामागे एक डॉलर मालाच्या किमतीहून वेगळा ठेवला जातो. ही रक्कम मळेवाल्याच्या खिशात जात नाही. मोठ्या मळ्यांवर कामगारांनी निवडलेली समिती तिचा विनियोग ठरविते. कोठे घरे, कोठे शिक्षण, कोठे औषधपाणी. ही व्यवस्था निर्दोष आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु खोके मोजता येते, म्हणून वाटाही मोजता येतो, हे तिने दाखवून दिले. आपली आंब्याची पेटीही मोजता येते.

यावर बागाईतदार बांधवांचे काही आक्षेप येतील व ते ऐकले पाहिजेत. अवकाळी पाऊस पडतो, मोहोर करपतो, तुडतुडे व थ्रिप्स यांवर औषधांचा खर्च वाढत जातो, वानरे अर्धी बाग फस्त करितात. अशा वर्षी मालकालाच काही उरत नाही, तर तो वाटणार काय? या आक्षेपास उत्तर १९५० च्या सूत्रातच आहे. खर्च, घसारा, भांडवलावरील परतावा हे सर्व आधी काढावे आणि उरल्यास वाटावे. वाईट वर्षी वाटा लहान होईल किंवा होणारही नाही. चांगल्या वर्षी मात्र तो नाकारता येणार नाही. दुसरा आक्षेप असा की, आम्ही मजुरी वेळेवर देतो, मग आणखी काय? मजुरी ही केलेल्या कामाची किंमत होय. वाटा हा त्या कामाने जो नफा झाला त्यातील भाग होय. गिरणीतील आपल्याच वडिलांनी हा भेद न्यायासनापुढे सिद्ध केला होता. त्यांच्या मुलांनी तो विसरणे शोभणार नाही.

तेव्हा आमची सूचना पुढीलप्रमाणे आहे. ज्ञातीतील बागाईतदार कुटुंबांनी आपल्या हिशेबाच्या वहीत ‘गड्यांचा वाटा’ असा स्वतंत्र रकाना उघडावा व हंगामाच्या आरंभीच पेटीमागे एक रक्कम ठरवून बागेत सर्वांस सांगावी. हंगामअखेर खर्च भागून काही उरत असेल तर ती रक्कम त्या रकान्यात भरावी. ती मजुरीतून किंवा उचलीतून वळती करू नये. तिचा विनियोग मालकाने किंवा आपल्या संस्थेने ठरवू नये. ज्या वाड्यांतून गडी येतात तेथील स्त्रीपुरुषांनी बसून ठरवावा, आणि नेपाळी कुटुंबांस त्या बैठकीत जागा असावी. अडतीचा धंदा करणाऱ्या आपल्या बांधवांनी त्या रकमेत आपली भर घालावी.

मुंबईतील कुटुंबांनाही यात करण्यासारखे आहे. २०१६ साली फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियंत्रणातून मोकळा झाला आणि शेतकऱ्याकडून अडत घेण्याची रीत कायद्याने बंद झाली. तेव्हापासून गिरगाव, दादर, परळ येथील आपल्या सोसायट्यांच्या दारात बागाईतदारांच्या पेट्या थेट येण्यास अधिक वाव मिळाला आहे. थेट विक्रीत मधल्या हातांचा जो खर्च वाचतो त्याचे तीन भाग करावेत. एक बागाईतदारास, एक गिऱ्हाइकास आणि एक गड्यांच्या वाडीस. चैत्रातील हळदीकुंकवास आंब्याची डाळ व पन्हे करणाऱ्या आमच्या भगिनींनी पेटी घेताना एवढेच विचारावे की, या पेटीत वाडीचा वाटा धरला आहे काय? गिऱ्हाइकाच्या प्रश्नाइतके व्यापाऱ्यास दुसरे काहीही लवकर ऐकू येत नाही.

रक्कम मोठी असावी असे नाही. समजा, चाळीस कुटुंबांनी प्रत्येकी दोनशे पेट्यांमागे वीस-वीस रुपये बाजूस काढले, तर एका हंगामात एक लाख साठ हजार रुपये होतात. तेवढ्यात एखाद्या वाडीतील मुलामुलींचे वर्षाचे शालेय साहित्य, फवारणी करणाऱ्यांसाठी मुखवटे व हातमोजे आणि अडीअडचणीचा छोटा निधी सहज उभा राहील. यात नवीन काही नाही. गिरगाव, लालबाग व परळ येथील गावकऱ्यांच्या खोल्यांत दरमहा वर्गणी गोळा करून आपल्याच पूर्वजांनी गावी शाळा बांधल्या, विहिरी खणल्या, देवळांचे जीर्णोद्धार केले. चाकरमानी मनुष्याने पगारातून जे केले ते बागाईतदाराने पेटीतून करावे, इतकेच.

अशा कार्याचा हिशेब आपल्या वार्षिक अंकात जमाखर्चाच्या पानाशेजारी दरवर्षी छापला जावा, अशी आमची विनंती आहे. देणगीदारांच्या यादीत तो घालू नये. ही देणगी नव्हे. किती पेट्या, किती वाटा, कोणत्या वाडीस, कोणत्या कामास, एवढे चार रकाने पुरेत. ओर्त्याच्या ग्रंथात झाडाची नोंद राहिली आणि राबणाऱ्याची राहिली नाही. आपल्या वहीत दोघांचीही नोंद राहावी, आणि त्याचा आरंभ येत्या हंगामातील पहिल्या पेटीपासून व्हावा.